ड्रोन हवेत थांबत नाही, सरकतो, गोल फिरतो? कॅलिब्रेट दाबायच्या आधी हे करून बघा

ड्रोन वर नेला की एका जागी थांबत नाही, डावीकडं सरकतो, गोल गोल फिरायला लागतो, थरथरतो, ही तक्रार घेऊन ओळखीतली पोरं सारखी फोन करतात. आणि फोन करायच्या आधी बहुतेकांनी एक काम केलेलंच असतं, कंपास कॅलिब्रेट, म्हणजे दिशा ओळखणारा सेन्सर ॲपमधून नव्यानं जुळवणं. त्यानं नाही झालं की परत कंपास, मग आयएमयू (ड्रोनचा झुकाव आणि हालचाल ओळखणारा सेन्सर), मग फर्मवेअर (ड्रोनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट, मग कुठलं तरी दुकान. दोन दिवस बरा चालतो आणि तिसऱ्या दिवशी परत तेच. असं होतं कारण ड्रोन नेमका कसा हलतोय हे कुणी शांतपणे बघितलेलंच नसतं. सरकणं, फिरणं, थरथरणं, खालीवर होणं ही चार वेगळी दुखणी आहेत भावांनो, चारींची कारणं वेगळी आणि कॅलिब्रेशन त्यातल्या थोड्याच ठिकाणी कामाचं आहे.

म्हणून पहिल्यांदा काहीच दाबू नका. मोकळं मैदान बघा, जवळपास चारचाकी, पत्र्याचं शेड, टाकीचा लोखंडी स्टँड, हाय टेन्शनची लाइन असलं काही नको. कोल्हापूर विमानतळ आहे त्या उजळाईवाडीच्या बाजूला तर टेस्टिंगला जाऊच नका, विमानतळाच्या जवळ परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यातसुद्धा २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे, त्याच्या पुढं ग्रीन झोनमध्ये, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या भागात, ४०० फूट. कोल्हापूर शहराचा बराच भाग या हिशोबात येतो त्यामुळं डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटचा नकाशा आधी उघडून बघा. सकाळी लवकर जा, वारं पडलेलं असतं. जीपीएस पूर्ण येऊ द्या, होम पॉइंट (परत यायची जागा) घेतला असं ॲपनं सांगेपर्यंत थांबा, मग दहा-बारा फुटांवर नेऊन रिमोटच्या स्टिकवरची दोन्ही बोटं काढा आणि मिनिटभर नुसतं बघत राहा. मोबाइलच्या स्क्रीनकडं नाही, ड्रोनकडं.

सरकत असेल तर कुठं सरकतोय ते लक्षात ठेवा, समजा झाडाच्या दिशेला. आता फक्त नाक नव्वद अंश फिरवा आणि परत बोटं काढा. अजून पण झाडाकडंच सरकत असेल तर ते वाऱ्याचं किंवा जीपीएसचं काम आहे, ड्रोनमध्ये बहुतेक काही बिघडलेलं नाही. पण नाक फिरवल्यावर दिशा पण फिरली, म्हणजे आधी स्वतःच्या डावीकडं जात होता आणि आता पण स्वतःच्याच डावीकडं जातोय, तर दोष ड्रोनमध्ये किंवा रिमोटमध्ये आहे. या एका टेस्टला काही खर्च नाही, ॲपमध्ये शोधाशोध नाही, आणि निम्मे प्रश्न इथंच सुटतात. मी तर सेकंडहँड ड्रोन बघायला गेलो तरी आधी हेच करतो.

गोल गोल फिरतोय

सगळ्यात जास्त घाबरवणारा प्रकार हा. ड्रोन थांबायचा प्रयत्न करतो पण थांबत नाही, छोटं वर्तुळ काढतो, मग वर्तुळ मोठं होत जातं. याला सगळीकडं टॉयलेट बाउल म्हणतात, कमोडमधलं पाणी फिरतं तसं. कारण जवळजवळ नेहमी कंपास. काय होतं ते समजून घ्या म्हणजे उपाय पण कळेल. जीपीएस सांगतं तू दोन मीटर उत्तरेला सरकलास, परत दक्षिणेला ये. ड्रोनला दक्षिण कुठं आहे ते कंपासवरून कळतं, आणि कंपास चाळीस अंशानं चुकलाय. मग तो दक्षिणेऐवजी तिरका जातो, जीपीएस परत सांगतं अजून चुकलास, तो परत तिरका जातो, आणि या तिरकं जाण्याचंच वर्तुळ होतं. चूक नव्वद अंशाच्या वर गेली तर परत यायच्या नादात तो लांबच जायला लागतो, फ्लायअवे म्हणतात त्यातले बरेच असेच होतात.

आता कंपास चुकतो कशानं, तर आपल्याकडं सगळ्यात मोठं कारण स्लॅब. टेरेसवरून उडवायची सवय सगळ्यांनाच आहे, मंगल कार्यालयाच्या गच्चीवरून तर हमखास. पण ड्रोन ठेवलाय त्याच्या खाली चार-पाच इंचांवर सळईची जाळी आहे. ड्रोन चालू होताना कंपास बघून आपलं नाक कुठं आहे ते ठरवतो, तिथंच चुकीची दिशा घेतली की वर गेल्यावर कंपास एक सांगतो आणि जायरो (वळणं मोजणारा सेन्सर) दुसरं सांगतो, आणि भांडण सुरू होतं. म्हणजे ड्रोन चांगला, कंपास चांगला, जागा वाईट. अशा वेळी टेरेसवरच उभं राहून कॅलिब्रेट केलं तर ती चूक कंपासमध्ये कायमची भरून ठेवल्यासारखं होतं आणि मग चांगल्या मैदानात पण ड्रोन बिघडतो. परत परत येणाऱ्या तक्रारीचं हे एक नंबरचं कारण आहे असं माझं ठाम मत.

दुसरं कारण डॉल्बी. वरातीत, मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीजवळ ड्रोन ठेवून चालू करतात, त्या प्रत्येक स्पीकरमध्ये मोठा चुंबक आहे. गाडीच्या बॉनेटवरून उडवणं, जनरेटरच्या शेजारून उडवणं, स्टेजच्या लोखंडी सांगाड्यावरून उडवणं, सगळं त्याच यादीत. आणि तुमच्या हातातलं घड्याळ, चुंबकाचं मोबाइल कव्हर, ड्रोनच्या बॅगेचं चुंबकी बटण हे पण कॅलिब्रेशन करताना लांब ठेवा.

करायचं काय तर, उडवायच्या आधी ॲपमधला नकाशा उघडा, त्यात ड्रोनचा बाण असतो. बाणाचं तोंड आणि जमिनीवर ठेवलेल्या ड्रोनचं खरं नाक एकाच दिशेला आहे का बघा. समोर रस्ता आहे, नकाशात पण तोच रस्ता समोर दिसला पाहिजे. बाण तिरका असेल तर उडवायचं नाही, ड्रोन बंद करून पंधरा-वीस फूट बाजूला न्या, परत चालू करा, परत बघा. नव्वद टक्के वेळा जागा बदलली की बाण सरळ होतो आणि कॅलिब्रेशनची गरजच पडत नाही. गच्चीशिवाय पर्यायच नसेल तर प्लास्टिकचं टेबल किंवा लाकडी खुर्ची घेऊन त्यावरून उडवा, सळईपासून तीन फूट उंची मिळाली तरी फरक पडतो. चार-पाच मोकळ्या जागी करून बघितलं आणि सगळीकडं बाण तिरका, तेव्हाच कॅलिब्रेट करा आणि ते पण शेतात, मैदानात, लोखंडापासून लांब.

हवेत असतानाच फिरायला लागला तर रिटर्न टू होम दाबू नका. ते बटण कंपास आणि जीपीएसच्या जोरावरच चालतं, आणि त्यातला एक खोटं बोलतोय. स्टिक हातात घ्या, पहिल्यांदा थोडं वर न्या म्हणजे झाडं, वायरी, माणसं यांच्यापासून सुटका होईल आणि स्लॅबपासून लांब गेल्यावर बऱ्याचदा आपोआप शांत पण होतो. जुन्या मॉडेलला ॲटी मोडचं (जीपीएस न वापरता उडायचं) बटण असतं, असेल तर ते टाका, ॲटीमध्ये ड्रोन वाऱ्याबरोबर वाहतो पण गोल फिरणं थांबतं. नवीन बरेच ड्रोन कंपासचा घोळ कळला की स्वतःच ॲटीत जातात, स्क्रीनवर तसं दिसतं, तेव्हा घाबरून स्टिक सोडू नका, ब्रेक आता लागणार नाही, तुम्हालाच उलटी स्टिक देऊन थांबवायचं आहे. ॲटीची सवय मोकळ्या मैदानात आधीच करून ठेवा हे मी प्रत्येकाला सांगतो, कारण प्रसंग येतो तेव्हा खाली वऱ्हाड उभं असतं.

एकाच बाजूला हळूहळू सरकतोय

नाक फिरवायच्या टेस्टमध्ये दिशा ड्रोनबरोबर फिरली असेल तर हे वाचा. जीपीएस भरपूर आहे, बारा-पंधरा उपग्रह दिसतायत, आणि तरी एकाच बाजूला संथपणे जातोय, तर आधी रिमोटवर संशय घ्या. जीपीएस चांगलं असताना आयएमयूची बारीकसारीक चूक ड्रोन स्वतःच झाकून घेतो, पण स्टिक मध्यावर येत नसेल तर त्याला वाटतं मालकच सरक म्हणतोय. स्टिकच्या बुडाशी धूळ बसते, काढता येणारी स्टिक अर्धवट बसते. ॲपमध्ये कंट्रोलमध्ये रिमोट कॅलिब्रेशन आहे ते करा, प्रोपेलर बंद असताना, ड्रोन बंद ठेवून.

जीपीएस नसताना, म्हणजे हॉलमध्ये वगैरे सरकतोय, तर आधी खालचा सेन्सर पुसा, मग उजेड बघा. खालचा कॅमेरा जमिनीवरची नक्षी बघून ड्रोनला एका जागी धरून ठेवतो. कार्यालयातली चकचकीत ग्रॅनाइट, एकाच रंगाचा गालिचा, अंधारात फिरणाऱ्या रंगीत लाइट, यातलं काही असेल तर त्याला धरायला काहीच सापडत नाही. हॉलमध्ये माणसांच्या डोक्यावरून उडवणं मला तर अजिबात पटत नाही, सरकला तर भिंत सोडून कुठं जाणार.

हे सगळं करून पण सरकत असेल तर आयएमयू. याचं कॅलिब्रेशन सपाट जागेवर आणि ड्रोन थंड असताना करायचं. उन्हात गाडीत राहिलेला गरम ड्रोन काढून लगेच करू नका, तासभर सावलीत ठेवा. आणि सपाट म्हणजे डोळ्यांना सपाट दिसतं ते नाही, आपल्याकडं फरशीला मोरीकडं, गच्चीला पाण्याच्या पाइपकडं उतार मुद्दाम दिलेला असतो. गवंड्याची स्पिरिट लेव्हल घ्या, टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घाला, बुडबुडा मध्ये आला की मग करा. तिरक्या टेबलावर कॅलिब्रेट केलेला ड्रोन ते तिरकंच सरळ समजतो.

एक गोष्ट मध्येच सांगतो, व्हिडिओत क्षितिज तिरकं दिसतंय म्हणून बरेच जण आयएमयू करतात. ड्रोन नीट थांबत असेल आणि फक्त चित्र तिरकं असेल तर ते गिंबलचं, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागाचं, काम आहे, गिंबल कॅलिब्रेशन वेगळं आहे. आणि सिने मोडमध्ये (शूटिंगसाठीचा संथ मोड) स्टिक सोडल्यावर ड्रोन लांबपर्यंत घसरत जातो तो दोष नाही, ब्रेक मुद्दाम मऊ ठेवलेला असतो.

थरथरतोय, आवाज बदललाय, व्हिडिओ लटलट हलतोय

इथं कॅलिब्रेशनचा काडीचाही संबंध नाही, हे यांत्रिक काम आहे. प्रोपेलर काढून उजेडात धरा, कडेवर नखानं हात फिरवा, बारीक टवका असला तरी नखाला लागतो. पातं किंचित वाकलेलं डोळ्याला दिसत नाही, नवीन पात्याशेजारी धरा मग कळेल. छोट्या ड्रोनला एका मोटरवर दोन सुटी पाती असतात, एक बदललं आणि एक जुनं ठेवलं तर वजन जुळत नाही, दोन्ही एकदम बदला आणि स्क्रू पण नवीन लावा. खुणेची पाती खुणेच्या मोटरवरच, उलटी बसली तर उडतानाच ड्रोन पालथा होतो. ९ फेब्रुवारी २०२२ ला बाहेरून तयार ड्रोन आणायला बंदी आली, सुट्या भागांना नाही, पण तेव्हापासून बाजारात नकली पाती लई झालीत, दिसायला सेम, वजनाला वेगळी. पातं बदलल्यावर थरथर वाढली तर नवीन म्हणून त्याला निर्दोष समजू नका.

मग मोटर. ड्रोन बंद, बॅटरी काढून, एकेक मोटर बोटानं हळू फिरवा, चारींची जाणीव सारखी पाहिजे. एखादीत करकर लागली तर आत काहीतरी गेलंय. कोल्हापुरात हे जास्त होतं आणि त्याला कारण आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या भागात फाउंड्री आणि मशीनशॉप आहेत, तिथल्या आवारात जमिनीवर लोखंडाचा कीस आणि साच्याची वाळू पडलेली असते. कारखान्याच्या उद्घाटनाचं शूटिंग करायला तिथल्याच जमिनीवरून ड्रोन उडवला की पंख्याच्या वाऱ्यानं तो कीस उडतो, आणि मोटरच्या आत चुंबक आहेत, सरळ जाऊन चिकटतो. फुंकून निघत नाही. चिकटपट्टीची बारीक सुरळी करून फटीतून फिरवून काढावा लागतो, धीरानं. शिवाय तोच कीस ड्रोनच्या बुडाला लागला तर कंपासपण बिघडवतो, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. संक्रांतीच्या आसपास पतंगाचा दोरा आणि एरवी लांब केस मोटरच्या दांड्याला गुंडाळलेले सापडतात, ते पण बघा.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जुन्या फ्लेक्सचा तुकडा. गावात फ्लेक्सला तोटा नाही, चार बाय चारचा तुकडा बॅगेत ठेवा, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून त्यावरून उडवा, त्यावरच उतरवा.

पाच मिनिटं उडवून खाली घेतल्यावर चारी मोटरना हात लावून बघा, जपून. एकच जास्त तापली असेल तर तिथली मोटर किंवा पातं बिघडलंय, नाहीतर ड्रोनचा तो हात (मोटर बसवलेला दांडा) वाकलाय. पडलेल्या ड्रोनचा हात दोन-तीन अंश पिळलेला असतो, वरून दिसत नाही, पण तो सारखा एका बाजूला नाक वळवायला बघतो. समोरून ड्रोन डोळ्यांच्या रेषेत धरा आणि चारी मोटरचे माथे एका पातळीत आहेत का बघा. बॅटरी फुगली असेल तर ती खाचेत नीट बसत नाही आणि हवेत हलते, असली बॅटरी परत वापरायची नाही, विषय संपला.

खालीवर होतोय

उंची ड्रोन हवेच्या दाबावरून ओळखतो आणि जमिनीजवळ खालच्या सेन्सरवरून. उसाच्या फडावर शूटिंग करणाऱ्यांना हे जास्त दिसतं. ऊस दहा-बारा फूट, ड्रोन पंधरा फुटांवर, म्हणजे शेंड्यापासून जेमतेम तीन ते पाच फूट. खालच्या सेन्सरला कधी पान दिसतं, कधी दोन सरींच्या मधली जमीन, त्यामुळं ड्रोन सारखा दचकल्यासारखा वरखाली होतो. त्यात पंख्याच्या वाऱ्यानं पाती हलतात, खालचा कॅमेरा हलणाऱ्या पात्यांना जमीन समजतो आणि सरकायला पण लागतो. उपाय एकच, शेंड्यापासून तीस-पस्तीस फूट वर राहा.

रंकाळा तलावावर तेच. पाण्याच्या तीन-चार फुटांवरून नेला की लाटेबरोबर सरकतो, कधी पाण्याचा तळ शोधत खाली बसतो. पाण्यावर खालच्या सेन्सरचा भरवसा नाहीच, जीपीएस चांगलं ठेवून तीस-चाळीस फुटांवरून न्या, सोन्यासारखा थांबतो.

वारं

पन्हाळा, जोतिबा इथं लोक ड्रोन बिघडला म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा फक्त वारं असतं. २५० ग्रॅमच्या आतल्या छोट्या ड्रोनला साधारण ताशी ३८ किलोमीटरपर्यंतचं वारं झेपतं असं कंपनी लिहिते, पण ते सरळ, एकसारखं वारं. कड्यावर वारं तसं येत नाही. ज्या बाजूनं येतं तिथं कड्याला धडकून वर चढतं, ड्रोनला वर ढकलतं, आणि पलीकडच्या बाजूला ते भोवरे करत खाली पडतं. तटबंदीच्या मागं तुम्ही उभे आहात तिथं पान हलत नाही आणि शंभर फुटांवर ड्रोन झगडत असतो. लिहिलेल्या आकड्याच्या निम्म्यापर्यंतच मी जातो. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे येताना वारं घेऊन येईल. अडकलाच तर स्पोर्ट मोड टाका, त्यात ड्रोन जास्त झुकू शकतो म्हणून वारं कापतो, आणि उंची कमी करा, खाली वारं कमी असतं. पन्हाळ्यावर पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी लागते ते पण लक्षात ठेवा.

स्वतः बनवलेला ड्रोन असेल तर

इंजिनिअरिंगची पोरं एफ ४५० ची फ्रेम आणि पिक्सहॉक (ड्रोन चालवणारा सर्किट बोर्ड) लावून बनवतात, त्यांना कंपासचा त्रास दुप्पट. थ्रॉटल (मोटरचा जोर) वाढवला की गोल फिरतो आणि कमी केला की थांबतो, असं असेल तर बॅटरीच्या वायरमधून जाणारा करंटच कंपासला बिघडवतोय. जीपीएस आणि कंपासचा डबा काठीवर उंच लावा, बॅटरीच्या वायरी एकमेकींभोवती पिळून घ्या, डब्यावरचा बाण नाकाकडं आहे का तपासा. लॉग (उड्डाणाची नोंद) काढायची सवय लावा, आर्डुपायलट या ड्रोन सॉफ्टवेअरमध्ये व्हायब्रेशनचे आकडे ३० च्या आत पाहिजेत आणि क्लिपिंग (थरथर सेन्सरच्या मर्यादेबाहेर जाणं) शून्य. त्याच्या वर असेल तर पीआयडी (तोल सांभाळायच्या सेटिंग) ट्यून करत बसू नका, आधी पाती बॅलन्स करा, मोटरचे स्क्रू आवळा. दोन-तीन हजारांच्या खेळण्यातल्या ड्रोनला जीपीएसच नसतं, तो सरकणारच, ट्रिमच्या बटणानं जेवढं होतं तेवढं करायचं.

आणि दुकानात द्यायचीच वेळ आली तर नुसतं हलतोय म्हणून देऊ नका. नाक फिरवल्यावर दिशा बदलली का, कुठल्या कुठल्या जागी झालं, जीपीएस किती होतं, कुठली मोटर तापत होती, हे कागदावर लिहून द्या, स्क्रीन रेकॉर्डिंग द्या, आणि तो हलतानाचा खालून काढलेला मोबाइलचा व्हिडिओ पण द्या. परत मिळाल्यावर दुकानासमोर रस्त्यावर उडवून घेऊ नका, त्याच मैदानात नेऊन तीच नाकाची टेस्ट करा आणि मगच लग्नाची ऑर्डर घ्या.